वाचकांचे प्रश्न : काचेवरची गाय, गोठ्यातली गाय

(पशुवैद्यक महाविद्यालयात एकतीस वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या प्राध्यापिका या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मी पशुवैद्यकच्या पहिल्या वर्षाला आहे. हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे ऊतींच्या सूक्ष्म रचनेच्या प्रॅक्टिकलमध्ये मला सगळ्या स्लाइड्स सारख्याच गुलाबी-जांभळ्या दिसतात. स्पॉटिंगला दहापैकी तीनच ओळखता आल्या. जनावरं बरी करायची म्हणून मी इथे आले. जर्नलमध्ये रंगीत पेन्सिलींनी चित्रं काढून आणि अंड्यातल्या पिल्लाचे तास पाठ करून काय होणार?
— एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : तुला एकेरीतच लिहिते. वर्गात मी सगळ्यांशी असंच बोलत आले.

आधी सांग, तू स्लाइड बघतेस कशी? मी मुलांच्या पाठीमागे उभी राहून वर्षानुवर्षं एकच गोष्ट पाहिली. स्लाइड ठेवली की हात थेट मोठ्या भिंगाकडे. गावाच्या वेशीवर न थांबता एकदम कुणाच्या तरी माजघरात शिरायचं आणि मग हे गाव कोणतं म्हणून विचारायचं, तसंच हे. स्लाइड आधी खिडकीच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी बघ. मधे पोकळी आहे की सगळा भाग भरीव आहे? कोणती कड जास्त जांभळी आहे? मग सर्वांत लहान भिंग लाव आणि पाच मिनिटं तिथेच थांब. पोकळी असेल तर तिला लागून पेशींचा कोणता थर आहे ते बघ आणि तिथून बाहेरच्या स्नायूंपर्यंत सावकाश चालत जा.

रुमेन आणि अॅबोमॅझमची गल्लत सगळ्यांचीच होते. दोन्ही गाईच्या पोटाचेच कप्पे, पहिला आणि चौथा. पण एकच प्रश्न विचार : ग्रंथी आहेत का? रुमेनला ग्रंथी नाहीत. तिथे चपट्या पेशींचे थरावर थर, वर केराटिनचं कवच आणि आत डोकावणारे अंकुर. अॅबोमॅझमला उंच पेशींचा एकच थर आणि खाली दाटीवाटीने ग्रंथी. यकृताची स्लाइड डुकराची असेल, तर खंडिकांभोवती आखल्यासारख्या भिंती दिसतील. गाई-शेळीच्या यकृतात त्या इतक्या स्पष्ट नसतात. रक्ताच्या स्लाइडवर तांबड्या पेशींत केंद्रक दिसलं तर ते कोंबडीचं, आणि केंद्रक नसलेल्या लंबगोल पेशी दिसल्या तर उंटाचं. हे एकदा स्वतः पाहिलंस की पाठ करावं लागत नाही.

रंगांचंही तसंच. हिमॅटॉक्सिलिन हा रंग मुळात मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून काढतात. ते केंद्रकाला निळं-जांभळं करतं. इओसिन बाकीच्या पेशीला गुलाबी करतं. म्हणजे जिथे जांभळं दाट, तिथे केंद्रकं दाट. आता लसीकेची गाठ आणि स्नायू शेजारी ठेवून बघ. त्या दोन्ही सारख्या वाटणार नाहीत.

आणि एक तरी स्लाइड पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने कर. मी विद्यार्थिनी असताना शेळीच्या यकृताचा मुठीएवढा तुकडा छोट्या बाटलीत, तुकडा सडू नये म्हणून वापरतात त्या फॉर्मॅलिनमध्ये कोंबला होता. आठवड्याने कापला तर बाहेरून राखाडी, घट्ट आणि आत सडलेला. सर काही बोलले नाहीत, फक्त तो तुकडा माझ्या नाकाजवळ धरला. तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको आणि फॉर्मॅलिन त्याच्या दहापट हवं, हे मी त्या दिवशी शिकले. त्यानंतर चढत्या क्रमाने अल्कोहोल, मग झायलीन, मग वितळलेलं पॅराफिन मेण. शेवटी मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, पाच मायक्रॉनचे काप निघतात, म्हणजे एका मिलिमीटरात दोनशे. त्यांची फीत कोमट पाण्यावर तरंगते, सुरकुत्या आपोआप उलगडतात आणि काप काचेवर अलगद उचलून घ्यायचा. उद्या तू तालुक्याच्या दवाखान्यात असशील, एखाद्या गोठ्यात दोन दिवसांत तीन जनावरं दगावतील आणि तू प्रयोगशाळेला तुकडा पाठवशील. तो आतून सडून पोचला, तर तिथला कितीही हुशार माणूस तुला काही सांगू शकणार नाही.

चित्रं काढच. हात फिरतो तेव्हाच डोळा थांबतो.

राहिला गर्भविकास. पिल्लाचं हृदय सुरू होतं तो तेहतीस तासांचा आकडा पाठ करू नकोस. उबवणीला ठेवलेलं अंडं अठ्ठेचाळीस तासांनी कोमट सलाइनमध्ये फोडून बघ. त्या हृदयाला अजून कप्पे नाहीत, वाकलेली एक नळी आहे फक्त. तरी ते चालतंय, आणि सुरू झालं ते तेहतीस तासांच्या आसपास. माझ्या वर्गातला गोंगाट त्या एका क्षणी दर वर्षी थांबायचा. पिल्लू बघताना गाय मात्र विसरू नकोस. गाईचा गर्भ सातव्या दिवशी पाव मिलिमीटरहूनही लहान असतो. सतराव्या दिवसाच्या सुमारास तोच वीतभर लांब धागा होतो आणि एक प्रथिन सोडून आईच्या शरीराला ‘मी आहे’ असं कळवतो. हा निरोप पोचला नाही, तर अंडाशयातला गर्भ टिकवणारा पीतपिंड विरघळतो आणि एकविसाव्या दिवशी गाय पुन्हा माजावर येते. शेतकरी तुला सांगेल, ‘डॉक्टर, गाय उलटली.’ तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर तो धागा उभा राहिला पाहिजे. दरवेळी रेतन चुकलेलं नसतं. पुष्कळदा गर्भ राहिलेला असतो आणि या आठ-दहा दिवसांतच जातो.

प्रश्न : आमची म्हैस या महिन्यात विणार आहे. वार पडल्याशिवाय पारडाला चीक पाजायचा नाही, असं सासरे म्हणतात. डॉक्टर म्हणतात लगेच पाजा. घरात वाद नको म्हणून विचारते.
— एक वाचक, जत तालुका

उत्तर : ताई, लगेच पाजा. सासऱ्यांना कारण मात्र नीट सांगा. ते पारडाच्या भल्यासाठीच बोलतात.

वारेची स्लाइड मी शेकडो मुलांना दाखवली आहे. बाईच्या वारेत आईचं रक्त बाळाच्या अंकुरांना थेट भिजवतं, म्हणून आईची रोगप्रतिकारक द्रव्यं बाळाला पोटातच मिळतात. म्हशीच्या आणि गाईच्या वारेत तसं नाही. गर्भाशयावरच्या गाठींत बाळाचे अंकुर नुसते घट्ट रुतलेले असतात. दोन्ही बाजूंचे पेशींचे पडदे मधे तसेच राहतात आणि प्रतिकारद्रव्यं त्यांतून पलीकडे जात नाहीत. पारडू जन्मतं ते जवळजवळ रिकाम्या हाताने. ती सगळी शिदोरी चिकात असते.

आणि ती घेण्याची मुदत फार थोडी. आतड्याच्या पेशी ही मोठी द्रव्यं जशीच्या तशी आत घेतात ती पहिल्या दिवसापुरतीच, आणि तासागणिक ती ताकद उतरत जाते. वार पडायला आठ-बारा तास सहज लागतात. तोवर थांबलात, तर चीक पोटात जाईल पण रक्तात फारसा पोचणार नाही. म्हणून तासा-दीडतासाच्या आत पहिला चीक. पहिल्या बारा तासांत मिळून वजनाच्या एक दशांश, म्हणजे तीस किलोच्या पारडाला तीन लिटर.

सासऱ्यांना हेही सांगा की पारडू आचळ चोखतं तेव्हा म्हशीच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं. पान्हा येतो तो त्यानेच, आणि गर्भाशय आकुंचन पावतं तेही त्यानेच. म्हणजे पाजल्याने वार पडायला मदतच होते. बारा तास उलटूनही पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा. ओढू नका, दगड बांधू नका.

प्रश्न : आमच्या संकरित गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड. गावात म्हणतात कालवड वांझ निघणार. पण आमच्या शेळ्यांना बोकड आणि पाट अशी जुळी नेहमी होतात आणि पाटी पुढे व्यवस्थित गाभण राहतात. मग गाईलाच असं का?
— एक पशुपालक, नाशिक जिल्हा

उत्तर : दादा, शेळ्यांशी केलेली तुलना अगदी नेमकी आहे. उत्तर तिथेच आहे.

गाईच्या पोटात जुळ्यांची आवरणं फार लवकर एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात. गोऱ्ह्याची वृषणं आधी तयार होतात. त्यांची संप्रेरकं त्याच रक्तातून बहिणीकडे पोचतात आणि तिची अंडाशयं व गर्भाशय घडण्याचं काम अर्ध्यात अडतं. अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात. जॉन हंटर यांनी तिचं वर्णन 1779 मध्ये केलं होतं, पण कारण उलगडायला 1916 उजाडलं. शिकागोत फ्रँक लिली यांनी कत्तलखान्यांतून मिळालेले जुळे गर्भ तपासले, तेव्हा जोडलेल्या रक्तवाहिन्या समोर आल्या. शेळीत आवरणं चिकटली तरी रक्तवाहिन्या सहसा जोडल्या जात नाहीत.

गावकरी म्हणतात ते बहुतेक खरं ठरतं. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या दहांपैकी नऊहून अधिक कालवडी वांझ असतात. पण तुमची उरलेल्यांतली असू शकते, म्हणून ठरवण्याआधी तपासून घ्या. फ्रीमार्टिनचा योनिमार्ग बराच आखूड असतो, डॉक्टर लहानपणीच मापून सांगू शकतात. शंका उरली तर रक्तातली गुणसूत्रं तपासता येतात. तिच्या रक्तात भावाच्या पेशीही सापडतात, त्या जन्मभर राहतात. तोवर दोघांनाही चीक-दूध सारखंच द्या. आणि कालवड पुढे विकायची झाली, तर ती जुळ्यातली आहे हे घेणाऱ्याला आधी सांगा.