नवीन ड्रायव्हर भावा, झोपेचा हिशोब आधी शिक

नाशिकच्या आडगाव नाक्यावरून पहिली लांबची खेप भरतोयस, तर एवढं ऐक. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, ही मर्यादा 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने घालून दिली होती. लांब पल्ल्याला दहा तासांपर्यंत मुभा होती, त्यापुढे नाही. आणि ताडपत्री ओढणं, दोर आवळणं हेही कामाचेच तास. पिंपळगावला कांदा भरताना दुपार गेली असेल तर रात्री तू ताजा नसतोस, हे शेठला भाडं ठरवतानाच सांग. मागाहून सांगितलं की भांडण होतं.

मी स्वतः एकदा पहाटे चारच्या सुमारास मुंबईकडून येत होतो. घोटी दिसलं, मग एकदम वाडीवऱ्हे. मधलं गोंदे कधी गेलं, आठवेच ना. डोळे उघडे होते रे! त्या दिवशी हात स्टेअरिंगवर थरथरले, ते अजून आठवतं.

पापणी जड झाली, गाडी पट्ट्यावर सरकायला लागली की चहा, तंबाखू, गाणी काही कामाचं नाही. ढाब्यावर किंवा पंपावर आत गाडी घे, हँडब्रेक ओढ, वीस मिनिटं डोळे मीट. रस्त्याच्या कडेला अंधारात उभी करू नकोस, मागचा येऊन आदळतो. कसारा घाट तर झोप झाल्याशिवाय उतरूच नकोस. उशीर झाला म्हणून शेठ ओरडला तर ओरडू दे.