वास मरतो, वायू राहतो
वाचकांचे प्रश्न : कामाच्या जागेची सुरक्षा

या वेळी गोव्यात कारखाने, हॉटेले आणि बांधकामांवर काम करणाऱ्या वाचकांचे प्रश्न घेतले आहेत. बहुतेकांनी नाव छापू नका असे कळवले, म्हणून सगळ्यांचीच फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न : कुटबण जेटीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात मी ऑपरेटरचा मदतनीस आहे. अमोनियाचा थोडा वास रोजच येतो, पण अर्ध्या तासात तो जाणवेनासा होतो. एवढे चालते का? आणि मोठी गळती झाली तर पळायचे कुठे? (कुटबण)

वास जाणवेनासा होतो तो तुमच्या नाकाला. हवेतला अमोनिया होता तेवढाच असतो. आठ तासांच्या पाळीत हवेच्या दहा लाख भागांत सरासरी 25 भाग अमोनिया ही कामगारासाठीची मर्यादा आहे आणि पंधरा मिनिटांपुरती 35. 300 भागांवर गेले की ती जागा तत्काळ सोडायची. यातले काहीही नाकाने मोजता येत नाही. त्यासाठी कॉम्प्रेसर खोलीत मीटर लागतो. तो नसेल तर निदान ओला केलेला तांबडा लिटमस कागद प्रत्येक व्हॉल्व्हच्या ग्लँडजवळ (दांड्याभोवतीच्या पॅकिंगजवळ), फ्लँजजवळ (पाइपांच्या जोडाजवळ) आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलजवळ धरा. जिथे तो निळा होईल तिथे गळती आहे. रोजचा वास म्हणजे रोजची गळती. ग्लँड आवळून किंवा पॅकिंग बदलून ती बंद झालीच पाहिजे.

मोठे अपघात मात्र बऱ्याचदा तेल काढताना होतात. कॉम्प्रेसरचे तेल हळूहळू अमोनियाबरोबर पुढे जाते आणि रिसीव्हरच्या (द्रव अमोनिया साठवण्याच्या टाकीच्या) तळाशी साचते. ते काढायला खालचा व्हॉल्व्ह उघडतात. आधी जाड, काळे तेल येते. ते संपले की मागून द्रव अमोनिया येतो, तोही एकदम. व्हॉल्व्ह उघडा ठेवून माणूस बादली आणायला गेला, किंवा तेलाने गच्च झालेला व्हॉल्व्ह जोर लावून पूर्ण फिरवला आणि तो मोकळा झाला, की खेळ संपला. म्हणून या नळीवर हात सोडताच आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह हवा. त्याला तारेने बांधून उघडा ठेवलेला दिसला तर ती तार आधी काढा. तेल काढताना चष्मा, रबरी हातमोजे आणि अमोनियाचा मास्क, सोबत दुसरा माणूस, आणि व्हॉल्व्ह सोडून कुठेही जायचे नाही.

आता पळण्याचे. अमोनिया वायू हवेपेक्षा हलका, वर जातो, असे पुस्तकात असते. पण दाबाखालचा द्रव बाहेर आला की तो उणे 33 अंशाला उकळतो, आसपासची हवा थंड करतो आणि दमट हवेत पांढरे धुके होऊन जमिनीलगत सरकतो. आपल्या किनाऱ्यावर हवा कोरडी असते कधी? त्यामुळे 'खाली वाका म्हणजे वाचाल' हा आगीचा नियम इथे लागू नाही. आधी वाऱ्याला आडवे पळून धुक्यातून बाहेर पडा आणि मग वारा जिकडून येतो तिकडे जा. वारा कळायला छपरावर वाऱ्याची पिशवी हवी. ती नसेल तर होड्यांवरचे बावटे आणि माडांच्या झावळ्या बघा. आणखी एक गोष्ट बहुतेक कारखान्यांत चुकते. किनाऱ्यावर दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि रात्री, पहाटे तो बहुधा उलटा असतो. म्हणून जमण्याची जागा एकच ठरवून चालत नाही. कारखान्याच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन जागा ठरवा.

ओला रुमाल नाकावर धरला तर बाहेर पडण्यापुरती मदत होते, कारण अमोनिया पाण्यात भराभर विरघळतो. याच कारणाने फवारा मारून वायू अडवता येतो. पण जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी ओतायचे नाही. पाण्याने त्याला ऊब मिळते आणि तो आणखी जोरात उकळतो. डोळ्यांत गेला तर पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान 15 मिनिटे पाणी सोडा, मग डॉक्टर. अमोनिया अल्कली आहे, बुबुळात आत आत उतरत जातो, म्हणून दोन चुळकांनी भागत नाही. कपडा गोठून कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. पाणी ओतून सुटू द्या.

प्रश्न : आमच्या हॉटेलच्या एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) टाकीत पंप अडकला की मेंटेनन्सचा एखादा पोरगा दोरी बांधून खाली उतरतो. आधी मेणबत्ती सोडून बघतो, ती विझली नाही तर उतरतो. हे बरोबर आहे का? (कांदोळी)

नाही. आजच बंद करा.

मेणबत्ती फार तर प्राणवायू अगदी कमी आहे एवढेच सांगते. सांडपाण्यात मिथेन असतो. तो पुरेसा साचला असेल तर तीच मेणबत्ती टाकीचा स्फोट करते. आणि खरा मारेकरी हायड्रोजन सल्फाइड हा इतक्या कमी प्रमाणात मारतो की ज्योतीला त्याचा पत्ताही लागत नाही. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर निदान इशारा असतो. दहा लाखांत 100 भागांच्या आसपास तो गेला की काही मिनिटांत नाक बधिर होते आणि उतरलेल्या माणसाला वाटते, वास गेला, हवा स्वच्छ झाली. 1000 च्या पुढे एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो.

त्यातली मेख अशी की हा वायू गाळात अडकलेला असतो. वरून तपासताना मीटर काही दाखवत नाही. माणूस उतरतो, पंप हलवतो, गाळ ढवळतो आणि वायू त्याच क्षणी सुटतो.

पहिला प्रश्न उतरायचे कसे हा नसून उतरायचे कशाला हा आहे. सबमर्सिबल पंप गाइड रेलवर आणि साखळीवर बसवता येतो. बिघडला की चेन ब्लॉकने वर ओढायचा, वरच दुरुस्त करायचा आणि पुन्हा रेलवरून सोडायचा. तो खालच्या कपलिंगवर आपोआप बसतो. गाळासाठी सक्शन टँकर मिळतो. साधनांशिवाय कुणाला सेप्टिक टाकीत किंवा गटारात उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. कामगाराने स्वखुशीने 'हो' म्हटले म्हणून मालक सुटत नाही.

उतरण्यावाचून गत्यंतरच नसेल तर हा क्रम : पंपाची आणि येणाऱ्या पाइपची वाट बंद करून कुलूप. टाकी रिकामी करून धुणे. ब्लोअरने ताजी हवा तळापर्यंत सोडणे. प्राणवायूचे सिलिंडर कधीही सोडू नका, त्याने आग भडकते. मग चार वायूंच्या मीटरने वर, मध्ये आणि तळाशी तपासणी. प्राणवायू 19.5 टक्क्यांहून कमी किंवा 23.5 हून जास्त नको, ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या 10 टक्क्यांच्या आत, हायड्रोजन सल्फाइड 10 भागांच्या आत. मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर चालूच राहतो. अंगात पूर्ण हार्नेस (खांदे आणि मांड्यांभोवतीचे पट्टे), वर तिपाई आणि विंच, आणि तोंडाशी एक माणूस ज्याचे काम फक्त बघत राहणे. तो आत जात नाही. खालचा कोसळला तरी जात नाही, विंच फिरवतो. कमरेला बांधलेल्या दोरीने बेशुद्ध माणूस उभ्या भोकातून वर येत नाही, तो दुमडतो आणि अडकतो. मग वरचा धावत उतरतो, त्याच्यामागे तिसरा. एका टाकीत दोन-तीन मृत्यू होतात ते असे.

पेट्रोलचा पंप किंवा जनरेटर टाकीच्या तोंडाजवळ ठेवू नका, त्याचा कार्बन मोनॉक्साइड ब्लोअर आत ढकलतो. बार्जवर काम करणाऱ्यांनीही हे वाचावे. बंद बॅलास्ट टाकीत (बार्ज स्थिर ठेवायला पाणी भरतात त्या टाकीत) घाण नसते, पण लोखंड गंजताना आतला प्राणवायू खाऊन टाकते आणि त्याला कसलाच वास नसतो.

प्रश्न : बाथरूमचे डाग जात नाहीत म्हणून आम्ही टॉयलेट क्लीनरमध्ये थोडे ब्लीच घालतो. नाकाला झोंबते, पण फरशी लख्ख होते. (कळंगुट, हाउसकीपिंग)

झोंबते तो क्लोरीन आहे. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते, ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट, आणि दोन्ही एकत्र आली की क्लोरीन सुटतो. बंद खिडकीच्या छोट्या बाथरूममध्ये छाती भरायला तो पुरतो. त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो, फुप्फुसांत पाणी होते. म्हणून खोकला, धाप लागलेल्याला 'आता बरे आहे' म्हणून खोलीवर झोपायला पाठवू नका. डॉक्टरकडे न्या आणि दोन्ही बाटल्यांची लेबले सोबत द्या. दोन्ही वापरायचीच असतील तर एक वापरून भरपूर पाण्याने धुवून काढल्यावरच दुसरे. काच पुसायच्या अमोनियावाल्या द्रावात तर ब्लीच मुळीच नको.

स्विमिंग पूल सांभाळणाऱ्यांसाठी : दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि ट्रायक्लोर गोळ्या, दोन्हींना बोलीत 'क्लोरीन'च म्हणतात, पण एकाच स्कूपने किंवा एकाच फीडरमध्ये एकत्र आली तर पेट घेतात. पावडर पाण्यात घालायची, पावडरीवर पाणी ओतायचे नाही. पावसाळ्यात डबे पंप-रूमच्या ओल्या फरशीवर ठेवू नका. आणि कुठलेही रसायन पाण्याच्या जुन्या बाटलीत काढून ठेवणे बंद. कुणीतरी तहानलेला येतोच.

प्रश्न : पॅकिंग मशीनमध्ये फिल्म अडकली की इमर्जन्सी बटण दाबून हात घालतो. गार्डच्या सेन्सरवर चुंबक लावलेले आहे, नाहीतर दर वेळी मशीन थांबते. (वेर्णा)

इमर्जन्सी बटण बहुतेक मशीनांत फक्त कंट्रोल तोडते. पॅनेलमध्ये वीज असतेच, सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असतेच आणि सीलिंगचा जबडा तापलेलाच असतो. अडकलेली फिल्म निघाली की ताण सुटतो आणि जबडा उरलेल्या हवेवर मिटतो. बटण दाबलेले असूनही बोट जाते ते यामुळे.

मेन आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करा, त्यावर स्वतःचे कुलूप घाला आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. नाव लिहिलेली पाटी लावा. हवेचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधली हवा सोडा, गेज शून्यावर आला का बघा. मग स्टार्टचे बटण दाबून मशीन खरेच मेले आहे याची खात्री करा. लोक हीच पायरी गाळतात, आणि चुकीच्या मशीनचा आयसोलेटर पडलेला असेल तर तो इथेच कळतो. दोघे काम करत असतील तर दोन कुलुपे. फिरत्या रोलरजवळ कापडी हातमोजे घालू नका, मोजा ओढला गेला की हातही जातो.

सेन्सरवरचे चुंबक काढा आणि फिल्म वारंवार का अडकते ते शोधायला लावा. रोल तिरका बसतो, ताण चुकतो किंवा जबड्याला चिकटा साचतो, यातलेच काहीतरी असते.

बोट तुटलेच तर जखमेवर दाब द्या, हात उंच धरा. तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर गॉझमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवलात तर पेशी गोठून मरतात. 108 ला फोन करताना बोट तुटले आहे हे स्पष्ट सांगा.

प्रश्न : पावसाआधी शेडचे सिमेंटचे पत्रे दुरुस्त करायचे आहेत. बोल्टच्या रांगेवरून चालले तर धोका नसतो ना? (डिचोली)

असतो. जुना पत्रा बोल्टच्या भोकापासूनच चिरतो. उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे शेवाळ आणि धुळीने सिमेंटसारखेच दिसतात, ते तर माणसाचे वजन घेतच नाहीत. पत्र्याखालच्या दोन-तीन आडव्या पर्लिनांना टेकतील अशा रुंद फळ्या किमान दोन घ्या, एकीवर उभे राहून दुसरी पुढे सरकवायची. जमले तर काम खालून, मचाणावरून करा.

हार्नेसचा हिशेब कुणी करत नाही. 1.8 मीटरची दोरी पायाशी बांधली, शॉक अब्सॉर्बर साधारण 1.75 मीटर उलगडला, माणसाची पायापासून हुकापर्यंतची उंची दीड मीटर आणि वर एक मीटर राखीव, म्हणजे सहा मीटर झाले. तुमची शेड पाच मीटरची असेल तर माणूस हार्नेससकट जमिनीवर आदळतो. अँकर डोक्याच्या वर हवा, किंवा आपोआप गुंडाळणारा ब्लॉक वापरा. नुसता कमरेचा पट्टा वापरू नका. पडून लटकलेल्याला काही मिनिटांत खाली घेता आले पाहिजे, त्यासाठी शिडी आधीच तिथे हवी.

प्रश्न : पाऊस लागला की आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) सारखा पडतो, म्हणून इलेक्ट्रिशियनने तो काढून टाकला. एमसीबी आहे, मग पुरे ना? (फोंडा)

16 अँपिअरचा एमसीबी तारा जळण्यापासून वाचवतो. माणसाला मारायला 0.1 अँपिअरही पुरतो, आणि तेवढ्याने एमसीबी हलतसुद्धा नाही. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी परत बसवा. तो पडतो कारण कुठेतरी ओल आहे. एकेक सर्किट बंद करून शोधा. बहुधा बाहेरचा दिवा, पाण्याचा पंप किंवा जमिनीवर टाकलेला एक्स्टेन्शन बोर्ड निघतो. महिन्याला एकदा टेस्टचे बटण दाबा.

प्रश्न : ठेकेदाराकडे लागून आठवडाच झाला आणि पायावर पाइप पडला. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) मिळेल का? ठेकेदार म्हणतो, घरी पडलो असे सांग. (कुंडई)

तसे सांगू नका. कामावरच्या दुखापतीसाठी किती दिवस वर्गणी भरली हे बघत नाहीत. तुमची आस्थापना ईएसआयखाली येत असेल आणि पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल तर पहिल्या दिवसापासून तुम्ही विम्यात आहात. ठेकेदाराने नोंदणी केली नसेल तर जबाबदारी मूळ मालकावर येते. काम करता न येण्याच्या काळात सरासरी वेतनाच्या 90 टक्के दराने पैसे मिळतात. 'घरी पडलो' असे केसपेपरवर एकदा लिहिले गेले की हेच पैसे अडतात.

अपघाताच्या वहीत तारीख, वेळ, जागा, दुखापत आणि पाहणाऱ्यांची नावे लिहून घ्या आणि त्या पानाचा फोटो काढा. वही देत नसतील तर हेच सुपरवायझरला व्हॉट्सअॅपवर त्याच दिवशी कळवा. डॉक्टरला दुखापत कामावर झाल्याचे सांगा आणि केसपेपरवर तसे लिहिले आहे का ते वाचून बघा. कारखाना दाद देत नसेल तर तक्रार पणजीला आल्तिनोवरच्या फॅक्टरीज अँड बॉयलर्स निरीक्षणालयात लेखी द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का घ्यायला विसरू नका.