कोण आले, कोण गेले?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझा मसुदा दोनदा वाचला आणि सोबतचे पत्र तीनदा. शिक्षण विकास कार्यक्रमात स्थलांतराचा विचार नेमका कुठे बसवायचा हे कळत नाही, असे तू लिहिले आहेस. तूर्त तू तो जोखमींच्या तक्त्यात बसवला आहेस, ‘स्थलांतरामुळे गळती, शक्यता मध्यम’ एवढ्या एका ओळीत. तिच्या वरच्या ओळीत पूर आहे आणि खालच्या ओळीत साहित्यपुरवठ्यातला विलंब. ते वाचून मी बराच वेळ पान उलटू शकलो नाही, कारण हीच ओळ मी स्वतः कित्येक वर्षे लिहीत आलो.

स्थलांतरासाठी वेगळे प्रकरण शोधू नकोस. प्रत्येक प्रकरण लिहिताना एकच प्रश्न विचार: इथे कोण आले आणि इथून कोण गेले? वर्गखोल्यांची संख्या ठरवताना हा प्रश्न विचार, पाठ्यपुस्तकांची भाषा ठरवताना विचार, शिक्षकांच्या नेमणुका आखताना विचार, परीक्षांच्या तारखा लावताना विचार. ज्या प्रकरणाला हा प्रश्न लागू पडत नाही असे तुला वाटेल, तिथे तो आधी विचार.

हा माझा हट्ट कुठून आला ते सांगतो. एका कार्यक्रमाच्या मूल्यमापनासाठी मी हजेरीपट तपासत होतो. एका मुलीच्या नावावर लाल शाईची आडवी रेघ होती आणि शेवटच्या रकान्यात ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’ असा शेरा होता. काही महिन्यांनी, आमच्याच कार्यक्रमातल्या दूरच्या एका शाळेत, तीच मुलगी मला दोन इयत्ता खाली बसलेली दिसली. आईवडील कामासाठी तिकडे गेले होते. तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले जुने प्रगतिपुस्तक काढून दाखवले. ते ज्या भाषेत होते ती त्या शाळेत कोणालाच वाचता येत नव्हती, म्हणून उंची पाहून आणि नव्या भाषेतले चार शब्द विचारून तिची इयत्ता ठरवली गेली होती. फळ्यावरची गणिते मात्र ती शेजारच्या मुलांना समजावून सांगत होती. आमच्या अहवालात ती दोनदा आली: एका शाळेत गळती म्हणून, दुसऱ्या शाळेत नवा प्रवेश म्हणून. तिची वाया गेलेली दोन वर्षे कोणत्याही रकान्यात आली नाहीत. त्या अहवालावर माझी सही आहे.

सही केली नसती तर निधीचा पुढचा हप्ता थांबला असता आणि बांधकाम अर्धवट राहिले असते, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. आजही मला ते पूर्ण खोटे वाटत नाही, कारण त्या खोल्यांत आज मुले बसतात. पण सही करून वर एक टिपण जोडता आले असते. तेवढे धैर्य माझ्याकडे नव्हते, आणि म्हणूनच तुझ्याकडून मी ते आग्रहाने मागतो आहे.

तुझा पहिला प्रश्न असा की, निधी देणाऱ्यांना ‘स्थलांतर घटले’ हा यशाचा निर्देशांक हवा आहे, तर तो घालावा का? घालू नकोस. शाळा चांगली झाली म्हणजे माणसे जागेवर राहतील, हे गृहीतक मुळात कच्चे आहे. शिकलेला तरुण पुष्कळदा अधिक दूर जातो आणि त्याने पाठवलेल्या पैशांतून धाकट्या भावंडांच्या शाळेचा खर्च निघतो. त्याच घरातल्या थोरल्या मुलीवर घरकामाचा भार पडून तिचीच शाळा सुटते, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एका निर्देशांकात दडपल्या की कार्यक्रम फसलेला दिसतो आणि मुलगी तर दिसतच नाही.

दुसरा प्रश्न असा की, बाहेरून आलेल्या मुलांसाठी वेगळ्या शाळा काढाव्यात का? लेबनॉनने सीरियातून आलेल्या मुलांसाठी सरकारी शाळांत दुपारची दुसरी पाळी सुरू केली. त्यामुळे पुष्कळ मुलांना शाळा मिळाली, पण एकाच इमारतीत येणारी दोन पाळ्यांची मुले एकमेकांना क्वचितच भेटतात. युगांडाने 2018 मध्ये शिक्षणाची जी योजना आखली, तिच्यात निर्वासितांसोबत त्यांना सामावून घेणाऱ्या वस्त्यांतली मुलेही धरली. तातडीच्या वेळी पहिला मार्ग घ्यावा लागतो, हे मला मान्य आहे. मात्र तो घेताना दोन्ही पाळ्या एकत्र कधी येणार, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेव.

आकडेवारीविषयी तू जे लिहिले आहेस त्यावर मी थोडा चिडलो. ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणून तू विषय सोडून देतोस! संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतल्या 17.18 या लक्ष्यात वय, लिंग, उत्पन्न यांच्या बरोबरीने स्थलांतरविषयक स्थितीनुसारही आकडेवारी वेगळी काढण्यास देशांना मदत करावी, असे म्हटले आहे, आणि त्यासाठी 2020 ची मुदत होती. माहिती नसेल तर ती गोळा करणे हा कार्यक्रमाचाच भाग आहे. एक खबरदारी मात्र घे. ‘कोण आले’ हा प्रश्न शाळेच्या दारात कागदपत्रांच्या चौकशीचे रूप घेऊ लागला, तर ज्यांच्यासाठी तो विचारायचा तीच कुटुंबे मुलांना घरी ठेवतील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच, मुलाकडे देशात राहण्याची कायदेशीर परवानगी नाही एवढ्या कारणावरून त्याला सरकारी शाळेतले मोफत शिक्षण नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. मूल याआधी कुठे आणि कितवीपर्यंत शिकले, एवढेच शाळेने विचारावे.

जाणाऱ्यांत शिक्षकही असतात, हे तुझ्या मसुद्यात कुठेच नाही. प्रशिक्षणावर तू मोठी रक्कम धरली आहेस, पण प्रशिक्षित शिक्षक अधिक पगाराच्या देशात गेल्यावर मागच्या वर्गाचे काय, याबद्दल एक वाक्यही नाही. राष्ट्रकुल देशांनी 2004 मध्ये परदेशी शिक्षकभरतीसाठी एक आचारसंहिता स्वीकारली, ती शिक्षकाचा जाण्याचा हक्क आणि मागे राहणाऱ्या शाळेची गरज या दोहोंची दखल घेते, म्हणून तू ती वाच. पदव्यांच्या मान्यतेबाबत युनेस्कोचा जागतिक करार 2019 मध्ये झाला आणि 2023 मध्ये अमलात आला. पण तो उच्च शिक्षणापुरता आहे. चौथीतल्या मुलीच्या प्रगतिपुस्तकाची जबाबदारी तुझ्यामाझ्यासारख्यांवरच राहते.

तेव्हा मसुदा पहिल्या प्रकरणापासून पुन्हा लिही. हजेरीपटाच्या नमुन्यात ‘नाव कमी केल्याचे कारण’ या रकान्याशेजारी ‘कोठे गेले’ आणि ‘पुढील शाळेने नाव घेतल्याची तारीख’ असे आणखी दोन रकाने आख, दाखला दोन भाषांत देण्याची तरतूद खर्चात धर, आणि जोखमींच्या तक्त्यातली ती ओळ खोडून मगच मसुदा माझ्याकडे पाठव. मी तो त्याच दिवशी वाचेन.