ट्रॉमानंतरच्या स्ट्रेसला ॲक्युपंक्चरने खरंच फरक पडतो का?

पडू शकतो, पण जोडीला म्हणून, मूळ उपचाराच्या जागी नाही. यासाठी बऱ्याचदा नाडा (NADA) प्रोटोकॉल ही ठरलेली पद्धत वापरतात, म्हणजे कानाच्या पाच पॉइंट्सवर बारीक सुया, १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या लिंकन हॉस्पिटलात व्यसनमुक्तीसाठी हे सुरू झालं. अर्धा-पाऊण तास नुसतं शांत बसायचं, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की काय घडलं ते कुणाला सांगावं लागत नाही, बोलायचं म्हटलं तरी ज्यांच्या छातीत धडधडतं त्यांना हे खूप सोपं जातं. काहींची झोप सुधारते. पण फ्लॅशबॅक येत असतील तर ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणारी थेरपी) किंवा सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) सोडू नका, गोळ्या मनाने बंद करू नका. सुया डिस्पोजेबलच हव्यात, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, आणि मध्येच नको वाटलं तर बिनधास्त काढायला लावा.