संध्याकाळी स्क्रीन पिवळी पडते आणि बॅटरीही टिकत नाही, डिस्प्ले बदलू का?

तुम्ही लिहिलंय की संध्याकाळ झाली की स्क्रीन पिवळट होते, गिऱ्हाईक म्हणतात फोटोतली चादर आणि हातात आलेली चादर वेगळ्या रंगाची, चार्जिंग दुपारीच संपतं, आणि दुकानदार डिस्प्ले बदला म्हणतोय. आज तरी पैसे देऊ नका. मीही सोलापुरात टॉवेल-चादरीच्याच धंद्यात आहे, शेडचे फोटो पाठवणं हे माझं रोजचं काम.

माझ्या फोनवर मागं लाल रंग एकदम गुलाबीसर दिसायला लागला होता. एका दुकानात सांगितलं, डिस्प्ले गेला. त्याच दिवसांत डाइंगवाल्यानं पाठवलेला लाल सुताचा फोटो बघून शेड चुकली म्हणून मी त्याला बरंच बोललो. शेवटी भाचीनं सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन 'कलर करेक्शन' बंद केलं आणि लाल पुन्हा लाल झाला. रंगांधळेपणा असलेल्यांसाठी ती सोय असते. आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली की ती सुरू व्हावी असा शॉर्टकट माझ्या फोनमध्ये लागलेला होता, आणि खिशात ती बटणं दाबली गेली होती. सूत चांगलं होतं. त्या माणसाची माफी मागितली, पण ते बोलणं अजून मनाला लागतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी फोन बंद करून चालू करा आणि सुरुवातीला येणाऱ्या कंपनीच्या लोगोकडे नीट बघा. तेव्हा नाइट लाइट (रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळट करणारी सोय), कलर करेक्शन वगैरे काहीच सुरू झालेलं नसतं. लोगोवरही रेघ, डाग किंवा पिवळी झाक असेल तर दोष डिस्प्लेत आहे. लोगो स्वच्छ आणि पुढे रंग बिघडतोय, तर सेटिंग शोधा. दुसरी खूण म्हणजे स्क्रीनशॉट काढून घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा. तिथंही रंग चुकीचा दिसला तर गडबड त्या ॲपची किंवा मूळ फोटोचीच.

तुमचा फोन संध्याकाळीच पिवळा होतो, त्यामुळे मला जवळपास खात्री आहे की नाइट लाइट सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत लागलेला आहे. कुठं त्याला आय कम्फर्ट म्हणतात, आयफोनमध्ये नाइट शिफ्ट. वेळापत्रक काढून टाका. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रंगाचा मोड 'व्हिव्हिड' असेल तर 'नॅचरल' ठेवा. व्हिव्हिडमध्ये साधा मरून पण झगझगीत दिसतो.

गिऱ्हाइकांची तक्रार मात्र एवढ्यानं मिटणार नाही. नाइट लाइट फक्त तुमच्या काचेवर दिसतो, फोटोत उतरत नाही. पण पिवळ्या स्क्रीनवर बघून तुम्ही फोटो 'सुधारत' असाल तर तो नको तेवढा निळा होऊन जातो. ट्यूबलाइटखाली फोटो काढू नका. सकाळी दाराजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी चादर पसरा, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा. कागद पांढरा दिसला तरच फोटो पाठवा.

आता बॅटरी. डोळ्यांना आराम देणारा पिवळा फिल्टर लावून चार्जिंग फारसं वाचत नाही. खरा खर्च ब्राइटनेसचा. डार्क मोडचा, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीचा, उपयोग ॲमोलेड स्क्रीनवर होतो, कारण तिथं काळा पिक्सेल प्रकाशच देत नाही. एलसीडीत मागचा दिवा काळ्या चित्रालाही जळतच राहतो. तुमची कोणती ते बघायला अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळा फोटो उघडा. स्क्रीन राखाडी उजळलेली दिसली तर एलसीडी. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं 2021 मध्ये ॲमोलेड फोनवर मोजून पाहिलं: ब्राइटनेस 30 ते 50 टक्के असेल तर डार्क मोडनं सरासरी 3 ते 9 टक्केच वीज वाचते, पूर्ण ब्राइटनेसला 39 ते 47 टक्के. म्हणजे उन्हात माल दाखवत फिरणाऱ्याला तो खूप उपयोगी, घरात बसलेल्याला बेताचाच.

ऑटो ब्राइटनेस चालू ठेवा, स्क्रीन 30 सेकंदांत बंद होऊ द्या, ऑलवेज ऑन (फोन नुसता पडलेला असतानाही वेळ दाखवत राहणारी स्क्रीन) बंद करा, आणि रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा, 120 हर्ट्झ असेल तर 60 वर आणा.

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गाडीच्या होल्डरवर लावलेला फोन तापून स्वतःहून अंधुक होतो. तो बिघाड नाही. सावलीत ठेवा, कव्हर काढा, चार्जर लावू नका, थोड्या वेळानं उजेड परत येईल. फ्रीजमध्ये अजिबात ठेवू नका, आत बाष्प धरतं.

लोगोवरच रेघ दिसली तर मात्र दुरुस्तीला देण्याआधी फोटो आणि पार्ट्यांचे नंबर दुसरीकडे काढून ठेवा, आणि जुनी स्क्रीन ॲमोलेड असेल तर नवी कोणती बसवणार ते बिलावर लिहून घ्या.