पावसाळी ट्रेकसाठी टार्प (डोक्यावर दोऱ्यांनी ताणून बांधायचं कापडी छप्पर) घरीच शिवायचा असेल तर कापड कोणतं घ्यावं आणि तो गळू नये म्हणून काय करावं?

तुम्ही कापडाचं नाव घेऊन विचारलंत, शिवणीचं नावही नाही. मीही हेच केलं होतं. पंधरा दिवस कापड शोधत फिरलो आणि शिवण एका संध्याकाळी उरकून टाकली. मग जुलैत रतनवाडीला ओळखीच्या एका घरच्या अंगणात टार्प बांधला. रात्री दीडला मित्राने उठवलं, 'अरे, गळतंय.' टॉर्च मारला तर कापड ठणठणीत. पण मधल्या शिवणीवर टाक्याटाक्याला एकेक थेंब लटकलेला, पाऊस थांबल्यावर कपड्यांच्या दोरीवर असतात तसा. शेजारी थेंबांची दुसरी विरळ ओळ दिसली, ती कशाची हे कळायला वेळ लागला. शिवताना कापड सरकू नये म्हणून मी टाचण्या लावल्या होत्या, त्यांची ती भोकं.

तरी आधी कापडाबद्दल. बाजारात मिळणारी निळी ताडपत्री वाईट नसते, फक्त जड असते. २५० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम) तीन बाय तीन मीटरची ताडपत्री सव्वादोन किलो भरते. तेवढाच टार्प ९० जीएसएमच्या कोटिंगवाल्या कापडाचा केला तर आठशे-साडेआठशे ग्रॅममध्ये बसतो. पाठीवर घेऊन चढायचं असेल तर एवढ्या एका कारणासाठी शिवायची खटपट परवडते. गाडीतून जाणार असाल तर सरळ ताडपत्री घ्या.

हलक्या कापडात मुख्य निवड दोनच. सिलिकॉन कोटिंगचं नायलॉन, किंवा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन कोटिंगचं पॉलिएस्टर. पहिलं जास्त हलकं आणि फाटायला चिवट. पण नायलॉन पाणी पितं आणि भिजलं की सैल पडतं. संध्याकाळी ताणून बांधलेला टार्प रात्री पोटासारखा खाली येतो, त्या पोटात पाणी साचतं, मग तुम्ही पावसात दोऱ्या ओढत बसता. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी पीत नाही. आपल्या घाटमाथ्यावर पाऊस दोन-दोन दिवस हटत नाही, त्यामुळे पहिल्या टार्पला मी पीयू कोटिंगचं रिपस्टॉप पॉलिएस्टरच सांगेन. रिपस्टॉप म्हणजे दर थोड्या अंतरावर जाड धाग्याची चौकट विणलेली असते, फाटलं तरी चीर तिथे अडते.

'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका, आकडा विचारा. १५०० मिमी म्हणजे कापडावर दीड मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते तग धरतं. टार्पला एवढं पुरतं. ३००० मिळालं तर छान, पण वजन वाढतं. दुकानदाराला आकडा माहीत नसेल, बहुधा नसतोच, तर अर्धा मीटर घ्या, त्याची झोळी करून वाडग्यावर बांधा, तांब्याभर पाणी ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी खालून बोट फिरवा. कोटिंग कसलं आहे हे कळत नसेल तर सेलोटेप चिकटवून पाहा. सिलिकॉनवर ती धरतच नाही. हे आत्ताच पाहून ठेवा, कारण शिवणीला काय लावायचं ते यावर ठरतं.

पुण्यात असाल तर बोहरी आळीत दोरी, हुक, ताडपत्री असलं सगळं मिळेल. टार्पचं कापड मात्र मी शेवटी ऑनलाइन मागवलं. पन्हा साधारण ५८ इंच, म्हणजे १४७ सेंटीमीटर. तीन-तीन मीटरचे दोन तुकडे मध्ये जोडले की शिवण आणि दुमड जाऊन रुंदी २.८५ मीटरच्या आसपास येते. कोपऱ्यांच्या ठिगळांसाठी अर्धा मीटर जास्त घ्या, एकूण साडेसहा.

आता शिवण. टाचण्या नकोतच, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा ओला राहून कुजतो. सुई नवी, १४ नंबरची. टाका थोडा लांब, तीन मिलिमीटरचा. बारीक टाका म्हणजे जास्त भोकं, ती टपाल तिकिटासारखी रेघ वाऱ्यात तिथेच फाटते. आईच्या पायमशीनवर हे गुळगुळीत कापड पुढे सरकेचना, तेव्हा खाली वर्तमानपत्राची पट्टी घालून टीप मारली आणि नंतर कागद फाडून काढला.

मधला जोड जीन्सच्या पायाला असतो तसा हवा. एक काठ दुसऱ्यात गुंतवून, दुमडून, त्यावर दोन टिपा. कोटिंगची चकचकीत बाजू खाली राहू दे. टार्प एकाच उताराचा बांधणार असाल तर दुमडीची धार उताराच्या दिशेला ठेवा, कौलं घालताना वरचं कौल खालच्यावर येतं तसं. उलटं झालं तर पाणी त्या खाचेत अडतं.

आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाला बसवतात ती धातूची कडी, मी मारत नाही. कापडाला भोक पाडायचं आणि सगळा ताण त्याच भोकाच्या कडेवर द्यायचा, हे मला पटत नाही. दप्तरवाल्यांकडे मिळते ती २० मिमीची पट्टी घ्या, तिचे आठ फास करा: चार कोपऱ्यांना, चार बाजूंच्या मध्यावर. आत त्याच कापडाचं दुहेरी ठिगळ, आणि टीप चौकोन मारून त्यात फुलीची.

हौस असेल तर कडा आतल्या बाजूला किंचित वक्र कापा. भिंतीवर कडेच्या लांबीएवढ्या अंतरावर दोन खिळे मारून सुतळी सैल सोडा, मध्ये दहा सेंटीमीटर झोल ठेवा आणि ती रेघ कागदावर उतरवा. या कडा वाऱ्यात फडफडत नाहीत. पहिल्या टार्पला मी हे टाळलं होतं, आणि त्या रात्री गळण्यापेक्षा फडफडीनेच जास्त जागं ठेवलं.

शिवण बंद करताना घोटाळा होतो तो इथे. पीयूवर पीयूचाच सीलर किंवा इस्त्रीने चिकटणारी सीम टेप, तीही कोटिंगच्या बाजूने, वर सुती फडकं ठेवून, आधी एका चिंधीवर तापमान बघून. सिलिकॉनच्या कापडावर यातलं काहीच टिकत नाही. तिथे खिडक्यांना लावतात तो पारदर्शक सिलिकॉन सीलंट मिनरल टर्पेंटाईनमध्ये पातळ करून ब्रशने लावायचा. गच्चीवर करा, वास डोक्यात जातो. एक दिवस वाळू द्या, मग पाइपने पाणी मारून बघा. फासांच्या टाक्यांनाही लावा, हे हमखास राहून जातं.

खाली स्टोव्ह पेटवायचा असेल तर कडेला, उंच बाजूला आणि कापडापासून अंतर राखून. हे कापड वितळतं.

ट्रेकवरून आल्यावर टार्प ओला असताना पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. दमटपणात पीयू कुजतं. माझा तो पहिला टार्प मी गणपतीनंतर तसाच टाकला आणि पुढच्या जूनमध्ये उघडला, तर घड्या एकमेकींना चिकटलेल्या, वास आंबट, आणि ओढल्यावर कोटिंगचे पापुद्रे हाताला. त्यावर इलाज नाही. पावसाळ्यात उन्हाची वाट बघू नका, घरात पंख्याखाली दोन दिवस पसरून ठेवा.