कापलेले यकृत वाढते, मग सिरॉसिस झालेले का वाढत नाही?

आपला प्रश्न असा आहे की, मोठ्या भावाला सिरॉसिस, म्हणजे यकृतात व्रणाचे तंतू पसरून ते कडक होण्याचा आजार, झाला असून डॉक्टर आपल्याला यकृताचा भाग देण्याविषयी विचारत आहेत. यकृत कापले तरी पुन्हा वाढते, तर भावाचेच का वाढत नाही आणि आपले खरोखर पूर्वीसारखे होईल का, आणि शेतीची कामे पुन्हा कधी करता येतील? मी यवतमाळ जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि सहा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला यकृताचा उजवा भाग दिला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या भावाचे यकृतसुद्धा वाढतच आहे. सोनोग्राफीच्या अहवालात ज्या गाठींचा उल्लेख असतो, त्या बहुधा नव्याने वाढलेल्या पेशींचेच पुंजके असतात; बिघडते ती त्यांची मांडणी. निरोगी यकृतात पेशींच्या रांगा सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या कडेने लागलेल्या असतात आणि आतड्यांकडून आलेले रक्त प्रत्येक रांगेला भिडून पुढे जाते. वर्षानुवर्षे दाह होत राहिला की काही पेशी व्रणाचे तंतू तयार करू लागतात आणि ते तंतू या रांगांमध्ये आडवेतिडवे पसरतात. एकसंध वावरात कोणी मनाला येईल तिथे धुरे (बांध) घातले, तर प्रत्येक तुकड्यात पऱ्हाटी उगवेल, पण पाटाचे पाणी कुठेच धड पोचणार नाही आणि मागे तुंबेल. इथे तुंबते ते रक्त, आणि त्यामुळेच पोटात पाणी साचते, प्लीहा वाढते, अन्ननलिकेतील शिरा फुगतात आणि त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते.

निरोगी दात्याची गोष्ट वेगळी असते. 1931 साली हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग काढला, तेव्हा आठ-दहा दिवसांत यकृताचे वजन जवळजवळ भरून आले. उरलेल्या भागाकडे अचानक जास्त रक्त येते, वाढीचे रासायनिक संकेत सुटतात, एरवी शांत असणाऱ्या यकृतपेशी विभागू लागतात आणि शरीराच्या मापाला पुरेल इतके यकृत झाले की ही वाढ आपोआप थांबते. हे थांबणे मला वाढण्यापेक्षाही अद्भुत वाटते, आणि वर्गात शिकवताना मी नेहमी तिथे रेंगाळतो.

मात्र ‘पूर्वीसारखे’ या शब्दाविषयी सावध राहावे. कापलेला खंड पुन्हा उगवत नाही, उरलेला खंड फुगून त्याची भरपाई करतो. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी मी तालुक्याच्या ठिकाणी सोनोग्राफीला गेलो होतो. तेथील डॉक्टर बराच वेळ उजव्या बरगडीखाली यंत्र फिरवत राहिले आणि शेवटी त्यांनी विचारले, “तुमचा उजवा खंड दिसत का नाही?” मी सदरा आणखी वर करून व्रण दाखवला, तेव्हा उलगडा झाला. डावा खंड गोलसर होऊन रिकाम्या जागेकडे सरकला होता. असे दान पुन्हा करता येत नाही.

दाता ठरवताना मोजमाप फार काटेकोर होते. रुग्णाला त्याच्या वजनाच्या साधारण 0.8 टक्के यकृत मिळावे असा संकेत आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला सुमारे 480 ग्रॅम. आणि दात्याकडे किमान 30 टक्के तरी उरले पाहिजे. आपल्या यकृतात चरबी जास्त आढळली, तर आधी वजन उतरवायला सांगतील किंवा थेट नकार देतील. उजवा भाग देणाऱ्यांमध्ये दोनशे ते पाचशे दात्यांमागे एकाचा मृत्यू होतो असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पित्त गळण्यासारखे त्रास त्याहून बरेच जास्त आढळतात. हे आकडे घरात मोकळेपणाने बोलले जावेत. आमच्याकडे ते फक्त मलाच ठाऊक होते आणि ती माझी चूक होती.

दान ठरवण्यापूर्वी सिरॉसिसचे कारण जरूर विचारा. दारू थांबली, हिपॅटायटिस बी औषधांनी आटोक्यात आला किंवा सी बरा झाला, तर काही रुग्णांमध्ये व्रणतंतू कमी होतात आणि प्रत्यारोपण लांबते. माझ्या भावाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, त्याला मधुमेह आणि यकृतात चरबी होती. तरी गावाने मोहाच्या दारूचाच शिक्का मारला. त्यातच दोन महिने काविळीच्या माळेत गेले. ती माळ पोटापर्यंत उतरली की कावीळ उतरली असे मानतात, पण ओल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते, एवढाच तो प्रकार आहे.

सख्खा भाऊ 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार जवळचा नातेवाईक ठरतो, त्यामुळे आपली कागदपत्रे तुलनेने सोपी जातील. तरीही मेंदूमृत दात्याच्या यकृतासाठी भावाचे नाव रुग्णालयामार्फत प्रतीक्षायादीत नोंदवून ठेवा. विदर्भातील या वाटपाचे काम नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडून चालते. शेतीविषयी सांगायचे तर, चालणे-फिरणे लवकर सुरू होते, पण पोटाचे स्नायू जुळेपर्यंत, साधारण तीन महिने, पोते उचलणे किंवा फवारणीचा पंप पाठीवर घेणे मला बंद होते. भावाची प्रकृती तेवढी सवड देत असेल, तर पेरणीच्या तोंडावरची तारीख घेऊ नका.